वणीचा कोळसा, तारापूरचं पाणी आणि होमी भाभांचा एक निर्णय

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात गेलात तर कोळशाचे ट्रक चुकत नाहीत. उकणी, कोलारपिंप्री अशा उघड्या खाणींतून कोळसा निघतो, ट्रकने आणि रेल्वेने वीज केंद्रांकडे जातो. रस्त्याकडेच्या शेतकऱ्याला विचारा, तो पऱ्हाटीवर बसलेली काळी धूळ दाखवेल. ज्याच्या कापसावर ही धूळ बसते त्याच्याच पंपाला वीज रात्री मिळते, हा भाग वेगळा.

आता या वणीचा आणि भारताच्या अणुकार्यक्रमाचे जनक डॉ. होमी भाभांचा काय संबंध? थेट काहीच नाही. पण भाभांनी देशाला अणुवीज का हवी हे पटवून देताना जो हिशोब मांडला, त्याच्या मुळाशी कोळसाच होता. ज्या गावाच्या बुडाशी कोळसा आहे तिथे अणुभट्टीचं काम नाही, पण मुंबई आणि गुजरातसारख्या, मोठ्या खाणींपासून शेकडो किलोमीटर लांब असलेल्या भागात कोळसा वाहून नेण्यापेक्षा अणुवीज परवडेल, असा तो हिशोब. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तारापूर उभं राहिलं ते यातूनच.

आणि तारापूरच्या भट्टीत कोणतं पाणी वापरायचं, हा प्रश्न पुढे देशाला चांगलाच महागात पडणार होता. त्यासाठी आधी भाभांची गोष्ट.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. घरचं सगळं भरलेलं. वडील वकील, आत्या मेहरबाई म्हणजे सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात पुस्तकं, पाश्चात्य संगीताच्या रेकॉर्ड्स, चित्रं. पोरगा हुशार निघाला यात नवल नाही. नवल हे, की घरच्यांनी त्याचं पुढचं आयुष्य आधीच आखून ठेवलं होतं. केंब्रिजला जायचं, मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं, परत येऊन जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं.

१९२७ मध्ये होमी केंब्रिजला गेले. तिथे मात्र त्यांचा जीव भौतिकशास्त्रावर जडला. वडिलांना त्यांनी पत्र लिहून सांगितलं की मला इंजिनिअर व्हायचं नाही. आपल्याकडे अशा पत्रानंतर घरात काय होतं ते वेगळं सांगायला नको. पण जहांगीरजींनी व्यवहारी तोडगा काढला. आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास हो, मग गणित शिकायला पैसे देतो. होमींनी १९३० मध्ये इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पूर्ण केलं आणि दोन वर्षांनी गणितही पहिल्या वर्गातच.

जमशेदपूरला ते काही गेले नाहीत, पण ती इंजिनिअरिंगची पदवी वाया गेली असं मला वाटत नाही. पुढे अणुभट्ट्या, इमारती, कारखाने उभारताना ते ज्या बारकाईने नकाशे तपासत, ती सवय नुसत्या कागदावरच्या शास्त्रज्ञाची नव्हती.

तिसाव्या दशकात युरोपात भौतिकशास्त्राची नुसती धामधूम चालली होती. केंब्रिजला डिरॅक, झुरिकला पाउली, रोमला फर्मी, कोपनहेगनला नील्स बोर. भाभा या सगळ्यांच्या वर्तुळात वावरले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं गणित त्यांनी मांडलं, त्याला आजही भाभा स्कॅटरिंग म्हणतात. १९३७ मध्ये हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी अवकाशातून येणारे वैश्विक किरण हवेत शिरल्यावर कणांचा पाऊस कसा पाडतात याचा सिद्धांत दिला. म्हणजे तिशीच्या आत माणूस जगाच्या पाठ्यपुस्तकात पोचला होता.

१९३९ मध्ये ते सुट्टीला भारतात आले आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. परतीचा रस्ता बंद. मग बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या भौतिकशास्त्र विभागात ते रुजू झाले. १९४१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. तोवर ते ३१ वर्षांचे होते. युद्ध झालं नसतं तर भाभा केंब्रिजलाच राहिले असते का? शक्यता मोठी आहे. पण बंगळूरच्या त्या वर्षांत त्यांचं मन इथेच रमलं.

मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिलं. देशात मूलभूत संशोधनाची चांगली संस्था हवी आणि आजपासून एकदोन दशकांनी अणुवीज आली तर तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, असा त्याचा आशय. तारीख नीट बघा. हिरोशिमा व्हायला अजून दीड वर्ष होतं, स्वातंत्र्याला तीन. जगातल्या बहुतेक लोकांना अणुऊर्जा हा शब्दही ठाऊक नव्हता. त्या पत्रातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली, म्हणजे आपली टीआयएफआर. सुरुवात बंगळूरला झाली आणि वर्षाच्या आतच संस्था मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ नावाच्या बंगल्यात आली. हा बंगला भाभांच्या नात्यातलाच.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, अध्यक्ष भाभा. १९५४ च्या जानेवारीत तुर्भ्याच्या डोंगराखाली, समुद्राकाठी, अणुऊर्जा केंद्राचं काम सुरू झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारचं स्वतंत्र अणुऊर्जा खातं झालं, भाभा त्याचे सचिव. मजा म्हणजे हे खातं दिल्लीत नाही, मुंबईत. पंतप्रधान नेहरूंशी भाभांचं इतकं जमत असे की पत्रात ते त्यांना भाई म्हणून संबोधत. आयोगाचे अध्यक्ष, खात्याचे सचिव, टीआयएफआरचे संचालक असं सगळं एकाच माणसाकडे आणि वर थेट नेहरू. कामाचा वेग त्याने वाढला. पण प्रश्न विचारणाराही मग कोणी उरला नाही.

पहिली अणुभट्टी अप्सरा. तुर्भ्याला ४ ऑगस्ट १९५६ ला ती सुरू झाली. सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली पहिलीच. ताकद फक्त एक मेगावॅट, तीही उष्णतेची. तिच्यातून वीज बनत नव्हती, संशोधन होत होतं. इंधन ब्रिटनकडून आलं, पण भट्टीची रचना आणि बांधणी आपल्याच इंजिनिअरांची, तीही साधारण वर्षभरात. एका खोल टाकीत पाणी आणि त्या पाण्यात बुडवलेलं युरेनियम. चालू असताना पाण्यात निळसर प्रकाश पसरतो. तो बघून नेहरूंनी तिचं नाव अप्सरा ठेवलं.

या टाकीतल्या पाण्याकडे जरा लक्ष द्या, कारण पुढची सगळी गोष्ट पाण्याचीच आहे. अप्सरेतलं पाणी तीन कामं करायचं. भट्टी थंड ठेवायची, किरणोत्सर्ग अडवायचा आणि न्यूट्रॉनचा वेग कमी करायचा. न्यूट्रॉन हळू असला तरच तो युरेनियमचा पुढचा अणू सहज फोडतो आणि साखळी चालू राहते. पण साधं पाणी थोडे न्यूट्रॉन स्वतःच गिळतं. म्हणून साध्या पाण्याच्या भट्टीला समृद्ध केलेलं युरेनियम लागतं, जे त्या काळी मोजक्या देशांकडेच होतं. याउलट जड पाणी, म्हणजे ज्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा असतो ते पाणी, न्यूट्रॉन फारसे गिळत नाही. मग खाणीतून निघालेलं साधं युरेनियमही चालतं. अडचण एवढीच की जड पाणी बनवणं खर्चिक आणि किचकट.

थोडक्यात, पाणी साधं घ्या तर इंधन महाग आणि परक्याच्या हातात. इंधन साधं घ्या तर पाणी महाग.

भाभांचा दूरचा आराखडा तीन टप्प्यांचा होता. आपल्याकडे युरेनियम थोडं, पण केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम भरपूर. थोरियम थेट पेटत नाही. म्हणून आधी जड पाण्याच्या भट्ट्यांत साधं युरेनियम वापरायचं, त्यातून प्लुटोनियम मिळवायचं. ते वेगवान भट्ट्यांत वापरून थोरियमपासून नवं इंधन तयार करायचं. आणि तिसऱ्या टप्प्यात थोरियमवर पिढ्यानपिढ्या वीज. १९५४ मध्ये मांडलेला हा आराखडा आजही अणुऊर्जा खात्याच्या भिंतीवर आहे. दुसरा टप्पा अजून पुरता हाती आलेला नाही.

या आराखड्याप्रमाणे पहिलं वीज केंद्र जड पाण्याचं व्हायला हवं होतं. झालं उलटंच. १९६० नंतर तारापूरसाठी परदेशी कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले गेले आणि निवड झाली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या उकळत्या साध्या पाण्याच्या भट्टीची. इंधन समृद्ध, अमेरिकेतून येणारं. भाभांचं म्हणणं असं, की अणुवीज परवडते हे देशाला लवकरात लवकर दाखवून द्यायचं आहे. ही भट्टी स्वस्त पडते, अमेरिका कर्जही सवलतीत देते. जड पाण्याच्या भट्ट्या कॅनडाच्या मदतीने राजस्थानात सुरू करूच. १९६३ मध्ये दोन्ही करार झाले.

आता इथे एका मराठी वाचकाला माहीत असायलाच हवा असा माणूस येतो. दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेले, हार्वर्डला शिकलेले गणिती आणि भारताचा इतिहास नव्याने लिहिणारे इतिहासकार. भाभांनीच त्यांना टीआयएफआरमध्ये आणलं होतं. कोसंबी पुण्याला राहत आणि डेक्कन क्वीनने मुंबईला जाऊन येऊन करत. दोघांची सुरुवातीला चांगली मैत्री. पण कोसंबींना अणुवीज पटत नव्हती. भारतासारख्या गरीब आणि उन्हाच्या देशाने एवढा पैसा अणुभट्टीत घालण्यापेक्षा सौरऊर्जेत घालावा, ती गावागावात वाटून मिळते, तिला कोणा देशाच्या परवानगीची गरज नाही, असं ते उघडपणे मांडत. १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबातही त्यांनी याच विषयावर भाषण दिलं. १९६२ मध्ये टीआयएफआरने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. कारणं एकापेक्षा जास्त सांगितली जातात, पण अणुधोरणावरचा मतभेद त्यात होता हे नाकारता येत नाही.

कोसंबींच्या काळात सौर पॅनेल इतके महाग होते की त्यांच्यावर देश चालवणं शक्य नव्हतं. भाभांची बाजू तेव्हा जास्त व्यवहारी होती, हे मान्य करावं लागतं. पण आज यवतमाळच्या शिवारात सौर कृषिपंप बघितले की कोसंबी आठवतात. बोलण्यासारखं बोलणारा माणूस संस्थेत असायला हवा होता, हे माझं मत.

भाभांबद्दल आणखी एक सांगायला हवं. हा माणूस नुसता भट्ट्या बांधणारा नव्हता. स्वतः उत्तम चित्रं काढायचा, ऑपेरा ऐकायचा, कुलाब्याला टीआयएफआरची नवी इमारत होताना झाडं तोडण्याऐवजी उपटून दुसरीकडे लावायचा हट्ट धरायचा. संस्थेसाठी त्यांनी तेव्हाच्या तरुण चित्रकारांची चित्रं विकत घेतली. एम. एफ. हुसेन यांचं मोठं भित्तिचित्र तिथे आजही आहे. लग्न केलं नाही.

अंदाज बांधण्यात मात्र ते फारच आशावादी होते. १९५५ ला जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या अणुपरिषदेचे ते अध्यक्ष होते. वीस वर्षांत माणूस सूर्यातली ऊर्जा, म्हणजे अणुसंमीलन, काबूत आणेल असं भाकीत त्यांनी तिथे केलं. सत्तर वर्षं झाली, अजून नाही. १९८० पर्यंत देशात ८,००० मेगावॅट अणुवीज असेल असा त्यांच्या काळातला अंदाज होता. प्रत्यक्षात १९८० साली ती हजाराच्याही खाली होती. आठ हजारांचा आकडा गाठायला २०२० नंतरचं दशक उजाडलं.

२४ जानेवारी १९६६. भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी निघाले होते. एअर इंडियाचं बोइंग ७०७, नाव कांचनजंगा, जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ११७ जण होते, कोणीही वाचलं नाही. भाभा ५६ वर्षांचे होते. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली.

हा अपघात नव्हता, घातपात होता, असे व्हॉट्सअॅपवर फिरणारे मेसेज तुम्हीही वाचले असतील. १९६४ ला चीनने अणुचाचणी केल्यावर भाभा रेडिओवर बॉम्बच्या खर्चाबद्दल बोलले होते, त्यामुळे संशयाला जागा मिळाली. पण फ्रान्सच्या चौकशीत निघालं ते असं: विमानातलं दिशा दाखवणारं एक यंत्र बंद होतं, विमान पर्वताच्या पुढे गेलं की अजून मागे आहे याबद्दल वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्यात गैरसमज झाला आणि पर्वत ओलांडला असं समजून विमान खाली आलं. घातपाताचा पक्का पुरावा आजवर समोर आलेला नाही. हिमनदी मात्र अजून सामान बाहेर टाकते. २०२० च्या उन्हाळ्यात तिथे बर्फातून भारतीय वर्तमानपत्रं निघाली, त्यांवर इंदिरा गांधी पंतप्रधान होणार असल्याच्या बातम्या होत्या.

तारापूर सुरू झालं ते १९६९ मध्ये. २१० मेगावॅटचे दोन संच, पुढे त्यांची क्षमता १६० केली गेली. १९६७ मध्येच तुर्भ्याच्या केंद्राला भाभांचं नाव दिलं गेलं होतं, तेच आजचं बीएआरसी.

आणि मग साध्या पाण्याचा हिशोब पुढे आला. १९७४ ला पोखरणला चाचणी झाली. अमेरिकेने तारापूरच्या इंधनाबद्दल आधी टाळाटाळ केली आणि पुढे पुरवठाच थांबवला. १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन द्यायचं कबूल केलं, नंतर इतर देशांकडूनही घ्यावं लागलं. भट्टी तारापूरची, किल्ली परदेशात. हेच होऊ नये म्हणून तर भाभांनी जड पाण्याचा रस्ता आखला होता. गंमत बघा, २००५-०६ मध्ये त्याच तारापूरला जे नवे ५४० मेगावॅटचे दोन संच आले ते जड पाण्याचे, पूर्ण देशी. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली, त्या लोकांची गाऱ्हाणी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

राहिला एक तिसरा पर्याय, जो भाभांच्या काळातही कागदावर होता. तो समजायला घरातला कुकर आठवा. झाकण घट्ट लावून दाब वाढवला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. दाब वाढवत नेला तर उकळण्याचं तापमानही चढत जातं. पण वातावरणाच्या सुमारे २१८ पट दाब आणि ३७४ अंश सेल्सिअस तापमान गाठलं की उकळणंच बंद होतं. पाणी आणि वाफ हा फरकच उरत नाही. त्याला सुपरक्रिटिकल पाणी म्हणतात.

औष्णिक केंद्रांत ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत १९५७ मध्ये, म्हणजे अप्सरेच्या पुढच्याच वर्षी, असा पहिला व्यापारी संच सुरू झाला. फायदा सरळ आहे. तितक्याच कोळशात जास्त वीज. मग अणुभट्टीत हे का करू नये? तारापूरच्या भट्टीत पाणी साधारण ७० पट दाबाखाली, २८५ अंशांच्या आसपास उकळतं आणि उष्णतेच्या जेमतेम एक तृतीयांश भागाची वीज होते. सुपरक्रिटिकल पाणी वापरलं तर हे प्रमाण ४४-४५ टक्क्यांवर जाऊ शकतं. शिवाय तारापूरसारखीच वाफ थेट टर्बाइनला, आणि वाफ-पाणी वेगळं करायची यंत्रणाही नको. अमेरिका आणि सोव्हिएत संघात साठच्या दशकापर्यंत यावर आराखडे झाले. सोव्हिएतांनी १९६४ मध्ये बेलोयार्स्कला भट्टीच्या आतच वाफ ५०० अंशांपर्यंत तापवून दाखवली, पण तिचा दाब त्या २१८ च्या बराच खाली होता.

अडतं कुठे? कोळशाच्या बॉयलरमध्ये नळी फुटली तर संच बंद करून नळी बदलता येते. अणुभट्टीत नळीच्या जागी इंधनाच्या कांडीवरचं पातळ धातूचं वेष्टण असतं. ५००-६०० अंशांचं हे पाणी त्याला गंजवतं आणि वेष्टण फुटलं तर किरणोत्सर्ग थेट पाण्यात. दुसरी भानगड न्यूट्रॉनची. भट्टीत खालून वर जाता जाता हे पाणी इतकं विरळ होतं की त्याची घनता आठव्या हिश्श्याच्या आसपास येते. मग न्यूट्रॉनना हळू कोण करणार? त्यासाठी वेगळी सोय लागते. २००२ मध्ये पुढच्या पिढीच्या सहा भट्ट्यांची जी आंतरराष्ट्रीय यादी ठरली त्यात सुपरक्रिटिकल पाण्याची भट्टी आहे. जपान, कॅनडा, चीन, युरोप सगळ्यांनी रचना केल्या. बीएआरसीतही या दाबाच्या पाण्याच्या प्रवाहावर प्रयोग झाले. बांधली मात्र अजून कोणीच नाही.

यातली कॅनडाची रचना बघून भाभांना नक्की कुतूहल वाटलं असतं. न्यूट्रॉन हळू करायला जड पाणी, उष्णता वाहून न्यायला सुपरक्रिटिकल साधं पाणी आणि इंधन थोरियम व प्लुटोनियमचं. तिन्ही गोष्टी एकाच भांड्यात. पण तीही कागदावरच.

विदर्भात हे पाणी बघायचं असेल तर नागपूरजवळच्या कोराडीला जा. तिथल्या ६६० मेगावॅटच्या तिन्ही संचांमध्ये ते रात्रंदिवस फिरतं, कोळशावर.